कांतण्यांचे घर

दासबोधाच्या पहिल्या दशकातला दहावा समास वर्गात शिकवण्याचा प्रसंग काही वर्षांपूर्वी आला. समास नरदेहस्तवनाचा. शिकवताना आपण नेहमी जे करतो तेच मी केले. आधी नरदेहाची दुर्लभता, मग वैराग्य, मग दृष्टांत. माणूस माती खणून घर बांधतो आणि ते आपले समजतो. पण ते पुष्कळांचे आहे याचा त्याला पत्ताच नसतो, असे रामदास म्हणतात आणि पुढे त्या घरावर हक्क सांगणाऱ्यांची यादी देतात. उंदीर, पाली, माशा, कांतण्या, मुंगळे, मुंग्या, विंचू, साप, झुरळे, भुंगे, भिंगोऱ्या, लाकडातल्या अळ्या, मांजरे, कुत्री, मुंगसे, वाळव्या, पिसवा, ढेकूण, चाचण्या, घुंगर्डी. यांतला प्रत्येक जण घर आपलेच असे ठासून सांगतो. वर्ग हसत होता. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, कांतण्या म्हणजे काय?"

मला चटकन सांगता आले नाही, हे कबूल केले पाहिजे. घरी येऊन कोश उघडला. कांतीण म्हणजे कोळी. कांतणारी, सूत काढणारी. माझी आजी हा शब्द रोज वापरीत असे हे तेव्हा आठवले, आणि शब्द विसरल्याबद्दलची शरम जरा वाढली. आजोळचे घर कोकणातले, कौलारू, कुडाच्या आणि मातीच्या भिंतींचे. तिथे भिंतीवर तळहाताएवढी, चपटी, लांब पायांची कांतीण असे. ती जाळे विणीत नसे. रात्री कंदिलाच्या उजेडाकडेला निश्चल बसून झुरळाची वाट पाही. कधी तिच्या पोटाखाली रुपयाएवढी पांढरी चकती दिसे. ती तिची अंडी. अशा वेळी तिला केरसुणीने हुसकायचे नाही, असा आजीचा दंडक होता. एरवी मात्र हुसकायला हरकत नसे. हा 'एरवी' मला आता महत्त्वाचा वाटतो.

रामदासांना अर्थातच घराचा इतिहास सांगायचा नव्हता. त्यांना ममत्व सोडवायचे होते. पण वैराग्य पटवण्यासाठी त्यांनी जी साक्ष काढली ती श्रोत्यांच्या रोजच्या अनुभवातली असल्याखेरीज पटली नसती. म्हणून सतराव्या शतकातल्या मराठी घरात कोण कोण राहत होते याची ही विश्वसनीय शिरगणती मानायला हरकत नाही. तिसऱ्या दशकात आधिभौतिक तापाचे वर्णन करताना ते पुन्हा हीच मंडळी बोलावतात; माशी, गोमाशी, मोहळमाशी, डास, पिसवा, ढेकूण, गोचीड, विंचू. तिथे मात्र ती घराची वाटेकरी नसून दुःखाची कारणे आहेत. एकाच ग्रंथात एकच ढेकूण एकदा घरमालक आणि एकदा ताप. हे दोन्ही खरे होते, आणि दोन्ही एकाच वेळी खरे होते. त्या काळच्या सहवासाचे स्वरूप समजून घ्यायचे तर या दोहोंपैकी एक बाजू गाळून चालत नाही. आपल्याकडे हल्ली 'पूर्वीची माणसे निसर्गाशी जुळवून राहत' असे एक गोड वाक्य भाषणांतून ऐकू येते. त्या वाक्याने विंचवाचा नांगी मारण्याचा अनुभव घेतलेला नसतो.

मातीचे घर हे या जिवांच्या सोयीचे घर होते. मातीच्या भिंतीला भेगा पडत, भेगेत विंचू राही. कौलांखालच्या वाशांत पाली. माळ्यावरच्या गवताच्या पेंढ्यांत, सरपणात आणि जुन्या पोथ्यांच्या रुमालांत कसर, झुरळे, वाळवी. खाटेच्या सुतळीत ढेकूण. गोठा घराला लागून असल्यामुळे गोचीड आणि गोमाशी. देशावरच्या धाब्याच्या घरात उजेड यायला एक सवणे, बाकी अंधार. या सगळ्यांवर माणसाचे उपाय होते. चुलीचा धूर वाशांना लागे आणि वाशांतली कीड आटोक्यात ठेवी. जमीन शेणाने सारवली जाई. कणगीत कडुनिंबाचा पाला, मुंग्यांच्या रांगेवर राख, तिन्हीसांजेला धुरी, दसरा-दिवाळीच्या आधी लांब काठीला केरसुणी बांधून जळमटे काढणे. पण यांतला एकही उपाय नायनाटाचा नाही. धूर आज दिला तर उद्या पुन्हा द्यायचा असतो. जळमटे काढली की महिन्याभरात परत येणार, हे काढणाराला ठाऊक असते. या कामांची आवर्तने म्हणजेच घरातल्या बायकांचे वर्ष. त्याला सहजीवन म्हणायचे तर म्हणावे. त्यात करुणेपेक्षा दुसरा इलाज नसणे अधिक होते.

इलाज नव्हता म्हणूनच की काय, भाषेने आणि आचाराने या जिवांभोवती बारीकसारीक नियमांचे कुंपण घातले. रात्री सापाचे नाव घ्यायचे नाही. 'जनावर' म्हणायचे, 'लांबडे' म्हणायचे. नागपंचमीला चिरायचे नाही, तळायचे नाही, जमीन खणायची नाही. पाल अंगावर पडली तर कोणत्या अवयवावर पडली यावरून फळ; ते पल्लीपतनाचे कोष्टक पंचांगांत छापले जात आले आहे. बोलता बोलता पाल चुकचुकली की बोटाने टकटक करून 'सत्य' म्हणायचे. आज भिंतीवरची पाल आपण हाकलतो, पण शंकेची पाल मनात चुकचुकतेच. वर्तमानपत्राचा अग्रलेखही तिच्यावाचून पुरा होत नाही. झुरळ झटकावे तसे झटकणे, मुंगीच्या पावलांनी येणे, वाळवी लागणे, विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असणे, हे सारे त्याच घरातून भाषेत आले.

संतांनी तर आपले तत्त्वज्ञानच पुष्कळदा या भिंतीवरून उचलले आहे. ऊर्णनाभीचा दृष्टांत मुंडकोपनिषदातला. कोळी जसा आपल्यातूनच तंतू काढतो आणि आपल्यातच घेतो, तसे अक्षरापासून विश्व. इथे कोळी सृष्टिकर्त्याच्या जागी बसला आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात मात्र हाच प्राणी विषारी लूता होतो. तिथे लूतांचे सोळा प्रकार सांगितले आहेत, त्यांतले आठ कष्टसाध्य आणि आठ असाध्य. आणि वसिष्ठाच्या क्रोधाने आलेला घाम कापलेल्या गवतावर पडून त्या जन्मल्या अशी व्युत्पत्तिकथाही आहे. अमरकोशात लूता, ऊर्णनाभ, मर्कटक यांच्याबरोबर तन्तुवाय हेही कोळ्याचे नाव येते, आणि तेच नाव विणकराचे म्हणूनही येते. ब्रह्म, विष आणि विणकाम. आमच्या घरी अंगावरून कोळी गेला तर फोड उठतात अशी भीती होती, आणि विळीने बोट कापले तर माळ्यावरचे कोळिष्टकच आणून जखमेवर दाबत. म्हणजे सुश्रुत आणि तन्तुवाय एकाच छपराखाली.

भिंगोरीची गोष्ट याहून बोलकी आहे. भ्रमरकीटकन्याय आपण सगळेच शिकवतो. भृंग एखाद्या किड्याला आपल्या घरट्यात कोंडतो, किडा भयाने त्याचेच ध्यान करतो आणि शेवटी भृंगच होतो. तसा भक्त देव होतो. कल्पना म्हणून ती फार सुंदर आहे. पण ती बसल्या जागी सुचलेली नाही. कुणीतरी आपल्या घरात, तुळईच्या कोपऱ्यात, कुंभारीण ओल्या मातीच्या गोळ्या आणून घरटे थापते आहे, त्यात कोळी किंवा अळी आणून भरते आहे, तोंड लिंपून निघून जाते आहे, आणि काही दिवसांनी त्यातून किडा न निघता दुसरी कुंभारीण निघते आहे, हे चिकाटीने पाहिलेले आहे. निरीक्षण अचूक आहे. अनुमान तेवढे चुकले. प्रत्यक्षात कुंभारीण आपल्या दंशाने कोळ्याला मारत नाही, लुळा करते, त्याच्यावर अंडे घालते, आणि अंड्यातून निघालेली अळी त्या ताज्या अन्नावर वाढते. भक्त देव होत नाही, देवाचे पोर भक्ताला खाते. हे सांगितल्यावर वर्गात एकदम शांतता पसरते. मला स्वतःला या माहितीने दृष्टांताची गोडी कमी झाल्यासारखे वाटत नाही. ज्याने तो प्रथम रचला त्याच्या डोळ्यांबद्दलचा आदर वाढतो एवढेच.

एकनाथांच्या विंचवाच्या भारुडाबद्दलही असेच. तो विंचू म्हणजे कामक्रोध, हे आपण फळ्यावर लिहून मोकळे होतो. पण ज्या प्रेक्षकांपुढे हे भारुड होत असे त्यांच्यापैकी अनेकांनी खऱ्या विंचवाने पोर गेलेले पाहिलेले असणार. कोकणातला लाल विंचू हृदयावर घाला घालतो. घाम, थंडगार हातपाय, छातीत पाणी, आणि पुष्कळदा काही तासांत शेवट. यावर शतकानुशतके मंत्र, उतारा आणि झाडपाला यांखेरीज काही नव्हते. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७० च्या दशकात रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात नेमणुकीवर गेले, त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणांची नोंद केली, ती १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली, आणि पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे औषध त्यांनी या दंशावर वापरून पाहिले. तोवर अशा गंभीर रुग्णांत शंभरातले तीस-चाळीस दगावत. ते प्रमाण एक-दोनांवर आले. मराठी साहित्याच्या अभ्यासकांनी हे वाचायला हवे असे मला वाटते. भारुडातला विंचू रूपक होण्याआधी जी किंमत वसूल करीत होता तिचा आकडा त्यात आहे.

शुद्ध करुणेने या जिवांना सांभाळण्याचे प्रयोगही झाले, पण ते घरात नव्हे. अलेक्झांडर बर्न्स याने सुरतेच्या पांजरापोळीचा वृत्तांत १८३४ साली प्रसिद्ध केला; त्यात धान्य घालून किडामुंगी पोसल्या जाणाऱ्या जागेचा उल्लेख आहे. त्याच वर्षी मुंबईत जमशेटजी जीजीभाईंच्या पुढाकाराने पांजरापोळ उभी राहिली, ती प्रामुख्याने कुत्री आणि गुरांसाठी. धर्म म्हणून ज्याला किडा जगवायचा होता त्याने त्याच्यासाठी वेगळी खोली बांधली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. घरातल्या किड्याशी नाते वेगळे. तिथे दोघांनाही दुसरी जागा नव्हती.

हे नाते मोडले कधी? माझ्या समजुतीप्रमाणे या प्रश्नाला बऱ्यापैकी नेमके उत्तर आहे. रामदासांच्या यादीत सगळे प्राणी संपल्यावर माणसे येतात. दासी, पाहुणे, मित्र, ग्रामस्थ आणि चोर घर आपले म्हणतात, आणि त्यांच्याच रांगेत राजकी, म्हणजे सरकारी माणसे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीच्या वस्तीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, पुढच्या वर्षी तो पुण्यात फैलावला, आणि हे राजकी खरोखरच उंबरठा ओलांडून माजघरात आले.

पुण्यातला रँडचा अंमल, गोऱ्या सोजिरांची घरझडती, देवघरापर्यंत गेलेले बूट, २२ जून १८९७ ची गणेशखिंडीतली रात्र, हे सर्वांना पाठ आहे. त्याच साथीत रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, १० मार्चला. हा इतिहास आपण राजकीय अपमानाचा आणि सूडाचा म्हणून वाचतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या झडतीत घराचे काय केले गेले याकडेही पाहावे. कौले उतरवून आत ऊन सोडले. जमिनी उकरल्या. भिंतींना चुना मारला. अंथरुणे आणि चिंध्या जाळल्या. मोऱ्यांत आणि गटारांत जंतुनाशके ओतली. मुंबईत रोगी निघालेल्या घरांच्या भिंतींवर तारखेसह वर्तुळे काढली जात, आणि राहण्यास अयोग्य ठरलेल्या जागेवर 'यू. एच. एच.' ही अक्षरे रंगवली जात. अंधार, ओल, माळा, भेग, म्हणजे ज्या ज्या जागी कांतीण आणि पिसू राहत होत्या त्या सगळ्या जागा एकदम आरोपी झाल्या.

यातला दैवदुर्विलास असा की हे सगळे करणाऱ्यांना खरा आरोपी माहीत नव्हता. दोष हवेचा, घाणीचा, जमिनीचा, दाटीचा, असे समजून ही मोहीम चालली होती. पॉल-लुई सिमोंद या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत प्रयोग करून प्लेग उंदरावरून उंदरावर पिसवेमार्फत जातो हे दाखवले, तर त्याच्यावर कुणी फारसा विश्वास ठेवला नाही. पुढे मुंबईत डब्ल्यू. ग्लेन लिस्टन आणि १९०५ पासून प्लेग कमिशन यांनी ते पक्के केले. त्यासाठी प्लेगच्या घरांत गिनीपिग सोडले जात. हा प्राणी रिकाम्या खोलीत फिरे, उंदीर मेल्यामुळे उपाशी राहिलेल्या पिसवा त्याच्या अंगावर चढत, आणि त्या मोजल्या जात. शिरगणतीच होती ती. रामदासांनंतर मराठी मुलखातल्या घरातल्या पिसवा इतक्या आस्थेने पुन्हा कुणी मोजल्या असतील असे वाटत नाही. उंदीर आणि पिसू, यादीतले दोन जुने हक्कदार, हेच घर रिकामे करणारे निघाले.

इथून शब्द बदलला. 'जीव' होते त्याचे 'जंतू' झाले. शाळेच्या आरोग्याच्या पुस्तकांतून माशी, डास, ढेकूण हे एकेकटे न येता रोगप्रसारक म्हणून एका गटात येऊ लागले. स्वच्छतेचा अर्थही बदलला. सारवलेले अंगण ही स्वच्छता होतीच; आता तिच्यात न दिसणाऱ्या शत्रूची भर पडली. हा बदल वाईट होता असे मी मुळीच म्हणत नाही. ज्याच्या घरातली माणसे चार दिवसांत गेली त्याला पिसवेचा हक्क समजावून सांगण्याचे धैर्य माझ्यात नाही.

दुसरा धक्का डीडीटीचा. मुंबई इलाख्यात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी १९४६ मध्ये कारवार आणि धारवाडकडच्या हिवतापाच्या गावांत घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारून पाहिले. त्याचा गुण पाहून १९५३ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि १९५८ पासून नियंत्रणाऐवजी निर्मूलन हा शब्द आला. स्वातंत्र्याच्या वेळी वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९६० च्या दशकाच्या मध्यावर रुग्णांची संख्या एका लाखाच्या आसपास आली. माझ्या वडिलांच्या पिढीला पाठीवर पंप घेऊन येणारी माणसे चांगली आठवतात. ती दारावर गेरूने तारीख लिहून जात. म्हणजे भिंतीवर पुन्हा तारीख, पण या वेळी कुणी बंदूक उचलली नाही. उलट लोकांनी भांडी बाहेर काढून वाट करून दिली. कारण उघड होते. डासांबरोबर ढेकूणही मेले होते. हिवताप गेला याचा आनंद आकडेवारीत असतो, रात्री झोप लागली याचा आनंद खाटेवर.

तो फार टिकला नाही. ढेकूण डीडीटीला जुमानेनासे झाले, डासही. आणि आणखी एक गोष्ट घडत होती, जी अहवालांत तक्रारीच्या सुरात येते. फवारणी झाली की बायका भिंती पुन्हा लिंपत आणि सारवीत. पांढरे डाग दिसतात, सण जवळ आला, वास येतो. औषध मातीखाली गाडले जाई. निर्मूलन एकदाच करायचे असते आणि सारवण दर आठवड्याला. या दोन काळांचा मेळ बसला नाही. १९७६ साली हिवतापाचे रुग्ण पुन्हा चौसष्ट लाखांवर गेले. याची कारणे अनेक होती, पैसा, ढिलाई, प्रतिकारशक्ती कमावलेले डास. सारा दोष सारवणाऱ्या हातांवर टाकण्याचे कारण नाही.

आता आपण सिमेंटच्या घरात राहतो. भेग नाही, माळा नाही, वासे नाहीत. विंचू बहुतेक शहरी मुलांनी चित्रातच पाहिला आहे, आणि त्याबद्दल हळहळ वाटून घेण्याचे काही कारण नाही. वर्षाचा करार करून औषध मारणारी माणसे येतात, ओट्याखाली थेंब लावून जातात. आमच्याकडेही येतात. त्यांच्या पावतीवर प्राण्यांची नावे नसतात. सगळ्यांना मिळून 'पेस्ट' असा एकच शब्द असतो. कुणाला मारले आणि कुणाला उगाच मारले हे त्यामुळे कळत नाही. झुरळासाठी मारलेल्या औषधाने झुरळे खाणारी कांतीणही जाते. झुरळे काही महिन्यांनी परततात, ती नाही. आजीच्या 'एरवी'ला या करारात कलम नाही.

त्या मुलीच्या प्रश्नानंतरच्या आठवड्यात मी वर्गाला समासातल्या नावांची यादी दिली आणि घरी विचारून यायला सांगितले. प्रत्येक नावापुढे आज गावाकडे काय म्हणतात ते लिहायचे. शहरातल्या मुलांचे कागद निम्मे कोरे आले, ते अपेक्षितच होते. घुंगर्डीपुढे घुंगुरटी, चिलटे असे तिघांनी लिहिले. पिसवांपुढे एकाने 'आता नाहीत' असे लिहिले होते. कांतण्यांचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीने त्या नावापुढे 'कोळी' लिहून, खाली शाईने एक आकृती काढली होती. आठ पाय, चपटे अंग, पोटाखाली गोल चकती. ती गावी गेली होती. आकृतीखाली तिच्या पणजीचे उत्तर होते, आणि तो अर्थ नव्हता. 'अंडी असली तर राहू दे' एवढेच होते.